फोन करण्यापूर्वीची बारा कलमं

शहाण्या गिऱ्हाइकाला इंटरनेट विकण्यासारखं सुखाचं काम दुसरं नाही, असं तो सहा वर्षं ज्याला त्याला सांगत असे. शहाणं गिऱ्हाईक फोन करत नाही. रडत नाही, ओरडत नाही, वरिष्ठांना बोलवा म्हणत नाही. त्याच्या कचेरीत, म्हणजे लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, एकच टेबलफोन होता आणि त्याच्यावर धूळ बसलेली असायची. कुणी आलं की तो ती धूळ बोटाने पुसून दाखवायचा. गिऱ्हाइकं त्याला बाराकलमे म्हणत. का म्हणत, ते पुढे येईलच.

त्याआधीची अठरा वर्षं त्याने एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात कानाला हेडफोन लावून घालवली होती. "बटण एकदा बंद करून चालू केलंत का?" हे वाक्य दिवसाला ऐंशी-नव्वद वेळा म्हणायचं, तेही गोड आवाजात. समोरचा माणूस त्या विषयातला बाप असला तरी त्याला हेच विचारायचं, कारण कागदावर तसं लिहिलेलं. एकदा एक घड्याळजी फोनवर असा काही भडकला की त्याचा आवाज हेडफोनमधून शेजारच्या टेबलापर्यंत गेला. "अहो, मला तुमचे फुकटचे सिनेमे नकोत, तुमचं ते धन्यवादाचं संगीत नको, आणि तो उघडता न येणारा निळा डबा तर मुळीच नको. नुसती तार द्या. पुढचं माझं मी बघतो!"

कंपनीच्या दृष्टीने ती तक्रार होती. याच्या डोक्यात मात्र तो किडा वळवळायला लागला. कंपनीतल्याच एका लाइनमनला, ज्याला सगळे शिडीवाला म्हणत, त्याने बरोबर घेतलं, दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि धंदा काढला. नावही तेच ठेवलं, 'नुसती तार'. डबा, म्हणजे राउटर, तुमचा तुम्ही आणा. ईमेल, सिनेमे, अ‍ॅप, काही मिळणार नाही. आम्ही भिंतीपर्यंत तार आणून देणार आणि तिच्यातून सांगितलेला वेग रात्रंदिवस सोडणार. पहिलं कनेक्शन अर्थात घड्याळजीचं.

त्याला वाटलं होतं, असे पन्नास एक विक्षिप्त मिळतील. वर्षभरात चारशे झाले आणि पुढे प्रतीक्षा यादी लागली. घरून प्रोग्रॅम लिहिणारे, भाषांतर करणाऱ्या बाई, रेडिओचे दोन वेडे, इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. इतकी वर्षं हे लोक निळ्या डब्यापुढे दात-ओठ खात बसले होते, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचा, दहा प्रश्नांची. नापास झालेल्याला हात जोडून मोठ्या कंपनीकडे परत पाठवायचा. नापास झालेले अभ्यास करून परत येत. पास झालेले चारचौघांत सांगत, "आमच्याकडे नुसती तार आहे," आणि सांगताना नाक जरा वर जाई.

प्रत्येक घरात तारेशेजारी तो स्वतः एक कागद चिकटवून यायचा. वर ठळक अक्षरांत 'फोन करण्यापूर्वी' आणि खाली बारा कलमं. डब्याला वीज आहे का पाहा. दिवा कुठला लागलाय पाहा. डबा बंद करून पाच मिनिटं थांबा. अशी एकेक करत शेवटचं, 'दोष आपल्याच घरातला नाही ना, हे पुन्हा एकदा तपासा.' तळाला एक ओळ : बारा कलमं झाल्याशिवाय फोन करू नये. वर्षअखेरीला तो सगळ्यांना एक यादी पाठवायचा, वर्षात एकदाही फोन न केलेल्यांची. त्या यादीतून आपलं नाव गळू नये म्हणून लोक जिवाचा आटापिटा करत. प्राध्यापकांनी तर एकदा चार दिवस कनेक्शनशिवाय काढले आणि दोष शेवटी उंदराने कुरतडलेल्या केबलचा निघाला. हे ते स्वतःच हसत सांगत.

सुरुवातीला कचेरीत एक भोंगाही होता. कुणाच्या घरचं कनेक्शन गेलं की स्क्रीनवर लाल ठिपका यायचा आणि भोंगा वाजायचा. पण ही गिऱ्हाइकं कसली, हातात पेचकस घेऊनच जन्माला आलेली. कुणी सकाळी डबा बदलतोय, कुणी दुपारी तार काढून दुसरीच काही गंमत करतोय. भोंगा दिवसभर कोकलायचा. दुसऱ्याच महिन्यात त्याने तो काढून टाकला आणि स्क्रीन भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"आपली गिऱ्हाइकं हाच आपला भोंगा," तो म्हणाला.

"आणि भोंगाच मुका निघाला तर?" शिडीवाल्याने विचारलं.

"तू शिडी चढ. डोकं मी चालवतो."

शिडीवाला शिडी चढला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं पुटपुटला असेल तर वर चढून पुटपुटला.

परीक्षा न देता सभासद झालेलं माणूस एकच, त्याची ताई. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, त्याच्या वह्यांना कव्हरं घातली, तो कंपनीतून वैतागून आला की त्याची बडबड ऐकून घेतली. तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काम केल्यामुळे तिची पेन्सिल नेहमी दोऱ्याने कशाला तरी बांधलेली असे. नवरा गेला, मुलगी दूर देशी. तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. भिंती इतक्या जाड की आत मोबाइलला रेंज नाही, तो चालायचा तो घरातल्या इंटरनेटवर. गेल्या साली ती न्हाणीघरात घसरली, तेव्हापासून त्याने तिच्या गळ्यात एक बटण अडकवलं होतं. दाबलं की तारेतून थेट त्याच्या मोबाइलवर निरोप. दर रविवारी तो तिला ते दाबायला लावायचा. दर रविवारी त्याचा मोबाइल वाजायचा आणि ती हसायची.

तिच्याकडे आधी मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं आणि त्याच्याबरोबर आलेला जुना, गोल तबकडीचा नसला तरी तसाच जड, साधा टेलिफोन. नुसती तार जोडायला तो गेला तेव्हा ती म्हणाली होती, "हा फोन राहू दे ना रे धाकट्या. सवय आहे."

"ताई, हे खेळणं आहे. याचे पैसे घेतात ते लोक. तुला याची गरज काय?"

"तुला कळतं त्यातलं," ती म्हणाली.

त्याने फोन काढून पिशवीत टाकला. बारा कलमांचा कागद तिच्याही भिंतीवर चिकटवला आणि थट्टेने म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा हं. भावाचं दुकान म्हणून वशिला चालणार नाही." दुरुस्तीसाठी एक जादा केबल त्याने प्रत्येक घरात ठेवलेली असे. तिची केबल त्याने गुंडाळून कपाटाच्या वर ठेवली. खाली राहिली तर पायात येऊन ताई पडायला नको म्हणून.

त्या दिवशी सकाळी दहाला दहा कमी असताना ताईच्या गल्लीतून एक उंच भरलेला ट्रक गेला. वरच्या सामानाने खांबावरची तार ओढली गेली. तुटून खाली पडली असती तर शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पण ती लोंबलीसुद्धा नाही. फक्त खांबावरच्या पेटीच्या आत, केसासारखा बारीक काचेचा धागा मोडला. खालून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी होतं. गल्लीतली एक्केचाळीस घरं त्या क्षणी बंद पडली.

ताईचं सोडलं तर चाळीस घरांत चाळीस शहाणे. प्रत्येकाने आधी स्वतःचा डबा बंद करून चालू केला. मग वेगळा डबा लावला. भाषांतरवाल्या बाईंनी टेबलाखाली शिरून सगळ्या केबली एकेक करून तपासल्या. एका प्रोग्रॅमवाल्याने कॉम्प्युटर पार पुसून नव्याने भरायला घेतला, कारण काल रात्री आपणच त्यात हात घातला होता हे त्याला आठवलं. रेडिओच्या दोघा वेड्यांपैकी एकाने बायकोवर संशय घेतला. शेजाऱ्याला विचारावं, हे कुणाच्या मनात आलं नाही असं नाही, पण विचारायचं म्हणजे आपल्याला जमत नाही हे कबूल करायचं. शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता, तेवढ्यापुरतं काम अडत नव्हतं. अडाणी गिऱ्हाइकांची गल्ली असती तर पाच मिनिटांत टेबलफोनने खोली डोक्यावर घेतली असती.

टेबलफोन गप्प होता. तो चहा पीत नव्या अर्जदारांच्या परीक्षेचे प्रश्न काढत होता.

दीड वाजता फोन वाजला. इतक्या दिवसांनी वाजला की दोघंही दचकले. घड्याळजी होता, आणि तो आधी माफीच मागायला लागला.

"चूक माझीच असणार. पण बाराही कलमं झाली. दोनदा केली. काय काय केलं ते वेळेसकट लिहून ठेवलंय, वाचून दाखवू?"

"दाखवा की," तो म्हणाला, आणि सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर तो शिडीवाल्याकडे वळला. "बघितलंस? याला म्हणतात गिऱ्हाईक. सकाळपासून बंद आहे आणि माणूस नोंदी ठेवत बसलाय."

"सकाळपासून?" शिडीवाला म्हणाला. त्याने जाऊन भिंतीकडे वळवलेला स्क्रीन फिरवला. त्या गल्लीचा पट्टा सगळाच्या सगळा लाल होता. "अरे, तुझ्या ताईची गल्ली ना ही?"

 त्याने हिशोब केला. सव्वादहाला ती रोज लेकीशी बोलते, तेवढं आज हुकलं असणार, म्हणजे ताई फुरंगटून बसलेली असणार. आता जेवून पडली असेल. आधी दुरुस्ती करू, मग चहाला जाऊ. अठरा अधिक सहा, चोवीस वर्षांत त्याला हेच कळत आलं होतं, आधी दोष काढायचा आणि मग माणसाशी बोलायचं.

खांबावर तो स्वतः चढला. शिडीवाल्याचे डोळे बारीक धाग्याला आताशा साथ देत नसत. पेटी उघडली, मोडलेलं टोक सापडलं, साफ केलं, दोन टोकं यंत्रात धरून जोडली. पहिला जोड बिघडला, दुसराही. तिसरा बसला. चाळीस मिनिटं गेली. वरून ताईची मागची खिडकी दिसत होती, तीस पावलांवर. पडदा ओढलेला होता. एकदा त्याने तिकडे पाहिलंही, आणि ऊन लागतं म्हणून ओढला असेल असं मनाशी म्हणून पुन्हा धाग्यात डोळे घातले.

दोन पस्तीसला पेटीतला दिवा हिरवा झाला. "आली!" तो वरून ओरडला. शिडीवाल्याने खालून हात वर केला. आणि त्याच्या शर्टाच्या खिशातला मोबाइल वाजला.

गिऱ्हाइकांचे आभाराचे निरोप असतील म्हणून त्याने तो हसतच काढला. 'ताई. बटण दाबलं. दहा एक्केचाळीस.' त्याच्याखाली पुन्हा दहा एक्केचाळीस. दहा बेचाळीस. मोबाइल हातात थरथरतच राहिला, निरोपावर निरोप. बटणाच्या छोट्या यंत्राने चार तास सगळं नीट जपून ठेवलं होतं आणि तार मिळताच ते एकेक करून ओतत होतं. अकरा तीन. अकरा वीस. अकरा वीस. एकतीस निरोप आले. शेवटचा बारा अठ्ठावन्नचा. त्यानंतर काही नाही.

तो शिडीवरून कसा उतरला हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. शेवटच्या पायऱ्या त्याने घेतल्याच नाहीत, असं शिडीवाला सांगतो.

त्याच्याकडे किल्ली होती. स्टूल आडवं पडलेलं, ताई कपाटापाशी कुशीवर, आणि गुंडाळलेली केबल हातात. एवढं होऊन केबल तिने सोडली नव्हती. एक पाय भलत्याच कोनात होता. डोक्याखाली जास्त रक्त नव्हतं, म्हणून त्याला वेड्यासारखी आशा वाटली.

ॲम्ब्युलन्समध्ये तिने डोळे उघडले.

"आलास होय."

"ताई, बोलू नकोस. पडून राहा."

"नेट गेलं होतं रे. म्हटलं, शेजारी जाऊन तुझा फोन नको वाजवायला. तुला आवडत नाही." ती थांबून थांबून बोलत होती. "आधी कलमं केली. सहापर्यंत बरोबर झाली बघ. सातव्याला केबल काढायची होती ना, वरची."

"ताई..."

"मग बटण दाबलं. दाबत होते. तू आला नाहीस, म्हटलं कामात असेल."

तो तिचा हात धरून ढसाढसा रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, अनोळखी नर्ससमोर, लहान पोरासारखा. ती त्याच्या बोटांवर अंगठा फिरवत राहिली आणि मग तो अंगठाही थांबला. तिसऱ्या दिवशी ती गेली. खुब्याचं हाड कधीतरी जुळलं असतं, डॉक्टर म्हणाले, पण डोक्यात आत रक्त साठत गेलं. दोन-तीन तास आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांनी ते सहज सांगितलं. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

भाची आली, तेव्हा सगळं उरकलं होतं. सव्वादहाला आई दिसली नाही तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. "तू इथे आहेस म्हटल्यावर मी कशाला घाबरू, मामा?" ती म्हणाली. मग आवाज न चढवता, "तिला तो साधा फोन ठेवायचा होता ना?"

त्याने मान हलवली. याहून तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

गल्लीतली सगळी गिऱ्हाइकं भेटायला आली. चपला बाहेर, माना खाली. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं आणि प्रत्येकजण तेच सांगत होता, मला वाटलं दोष माझ्याकडेच आहे. प्राध्यापक सगळ्यात शेवटी आले आणि बसलेच नाहीत. "मला साडेदहालाच कळलं होतं," ते म्हणाले. "मीटर लावून पाहिलं. दोष बाहेरचा होता, माझी खात्री होती. पण वाटलं, कुणीतरी फोन केला असेलच. आणि सहा वर्षं माझं नाव त्या यादीत..."  साडेदहाला ताई अजून आपल्या पायावर उभी होती. त्याला प्राध्यापकांचा राग आणायचा होता, येईना. परीक्षा घेऊन निवडलेली माणसं होती ती. ज्याने जसं शिकवलं तशी वागली.

खोल्या रिकाम्या करताना भिंतीवरचा कागद काढायचं काम त्याच्याकडे आलं. शेजारी दोऱ्याने पेन्सिल टांगलेली होती. पहिल्या सहा कलमांपुढे ताईने बरोबरच्या खुणा केल्या होत्या, ग्रंथालयातल्या नोंदवहीत करायची तशा, नीट, एका मापाच्या. तिसऱ्या कलमापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पाच नाही, सात मिनिटं थांबले.' सातव्यापुढची जागा कोरी होती. तो कागद हातात घेऊन किती वेळ उभा होता कोण जाणे. भाचीनेच येऊन हळूच त्याच्या हातातून तो घेतला.

त्याने यादी बंद केली. भोंगा परत लावला, स्क्रीन भिंतीकडून फिरवला. चारशेच्या चारशे घरांना नवा कागद पाठवला. त्यावर एकच कलम : काहीही झालं तरी आधी फोन करा. लोकांनी तो कागद जपून ठेवला. बिचाऱ्याची बहीण गेली, आता याला शक्य तेवढा कमी त्रास द्यायचा, असं सगळ्यांनी, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, ठरवून टाकलं.

टेबलफोन वाजत नाही. तो दिवसातून दोन-तीनदा रिसीव्हर उचलून कानाला लावतो, फोन चालू असतो. काल अकराच्या सुमारास भोंगा वाजला. लाल ठिपका एकच होता, भाषांतरवाल्या बाईंच्या घरचा. कुणीतरी तार काढून काही करत असेल, असं तो आता मनातही येऊ देत नाही. त्याने लगेच मोबाइलवरून नंबर लावला.

"बाई, तुमचं बंद आहे का?"

"अं? हो, बंद आहे खरं."

"कधीपासून?"

"आत्ताच तुमच्याकडे दिसलं का? माझ्याकडे सकाळी सातपासूनच रडतखडत चाललं होतं," बाई अवघडून म्हणाल्या. "पण तुम्हाला कशाला त्रास, म्हटलं."

"घरात सगळे ठीक आहेत ना?"

"हो, मी एकटीच आहे."

"मग कशालाही हात लावू नका. खुर्चीत बसून राहा. फोन ठेवू नका, चालूच राहू दे," तो म्हणाला आणि मोबाइल कानाला तसाच धरून, शिडीवाल्याला हाक मारत जिना उतरायला लागला.